डोळ्यातून पाणी येतंय तरी ड्राय आय कसं, आणि त्यात इन्फ्लमेशन कुठून आलं?

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलंय. वय ४७, ऐरोलीला ऑफिसात अकाउंट्सचं काम, दिवसभर समोर दोन स्क्रीन. दीड वर्षापासून डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखं खुपतं, संध्याकाळी परतताना ट्रेनच्या दारातला वारा लागला की घळाघळा पाणी. तीन वेगवेगळे लुब्रिकंट ड्रॉप झाले, टाकले की अर्धा तास बरं वाटतं, पुन्हा तेच. मग नवीन डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यात इन्फ्लमेशन आहे, आणि दोन ड्रॉप दिले, एक सौम्य स्टेरॉइड तीन आठवडे, कमी कमी करत बंद करायचा, आणि दुसरा सायक्लोस्पोरिन, सकाळ-संध्याकाळ, किमान सहा महिने. सायक्लोस्पोरिनने आग होते म्हणून ताईंनी नवव्या दिवशी बंद केला. स्टेरॉइडने छान वाटलं म्हणून तो मात्र सातव्या आठवड्यातही चालू आहे, केमिस्टकडून दुसरी बाटली आणून. त्यांचं विचारणं असं की पाणी येतं तर डोळा कोरडा कसा, इन्फ्लमेशन म्हणजे इन्फेक्शन का, आणि ज्याने बरं वाटतं तोच ड्रॉप चालू ठेवला तर काय बिघडलं.

ताई, मी चोवीस वर्षं ठाण्यात डोळ्यांचीच प्रॅक्टिस करतोय आणि आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण ते थांबू शकत नाही. हे वाचून झालं की तुमच्या डॉक्टरांना फोन करा, स्टेरॉइडचा सातवा आठवडा चालू आहे हे स्पष्ट सांगा आणि एक-दोन दिवसांत डोळ्याचं प्रेशर मोजून घ्या. ड्रॉप कसा उतरवायचा तेही त्यांनाच ठरवू द्या, मनाने एकदम तोडू नका आणि मनाने चालूही ठेवू नका. का ते खाली येईलच.

आता पाण्याचं. आपल्या डोळ्यावर अश्रूंचा जो थर असतो तो नुसतं पाणी नसतो. बुबुळाला चिकटून म्युकस, म्हणजे बुळबुळीत चिकट पदार्थ, त्यात मिसळलेलं पाणी, आणि सगळ्यात वर तेलाचा अगदी पातळ पापुद्रा. हे सगळं मिळून साधारण तीन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले तीन. वरचं तेल पापण्यांच्या कडेच्या मायबोमियन ग्रंथींमधून येतं, वरच्या पापणीत २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी असतात आणि प्रत्येक वेळी पापणी मिटली की थोडं थोडं तेल पिळून बाहेर येतं. तेल कमी पडलं की खालचं पाणी उडून जातं. बुबुळ उघडं पडलं की तिथल्या नसा बोंब मारतात, मेंदू अश्रुग्रंथीला सांगतो पाणी सोड, आणि मग येतो लोंढा, नुसतं पाणी, तेल नाही म्युकस नाही, ते टिकत नाही आणि गालावर ओघळून जातं. तुम्हाला ट्रेनच्या दारात होतं ते हेच. मातीत न जिरता वरून वाहून गेलेला पाऊस जसा पिकाच्या कामाचा नाही तसं.

आणि अजून एक गोष्ट मला रोज ऐकावी लागते की डॉक्टर, आपल्याकडे एवढी दमट हवा, घाम सुकत नाही, डोळे कसे कोरडे होतील. बरोबर आहे, बाहेर दमटच आहे, पण तुम्ही बाहेर असता किती? ऐरोली-महापेच्या ऑफिसांमध्ये सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत एसी चालू, एसी हवा गार करताना तिच्यातलं बाष्पही काढून घेतो, त्याचा झोत बरेचदा थेट कपाळावर. त्यात स्क्रीनकडे बघताना पापण्या मिटणं निम्म्याहून कमी होतं, आणि मिटल्या तरी अर्ध्याच मिटतात, म्हणजे तेल पिळलंच जात नाही. हे माझे पेशंट बहुतेक सगळे सांगतात की शनिवार-रविवार बरं असतं. तुम्ही लिहिलंय की तुम्हाला आता सुट्टीतही त्रास होतो. हा फरक महत्त्वाचा आहे, इथेच इन्फ्लमेशनचा विषय सुरू होतो.

इन्फ्लमेशनला मराठीत दाह म्हणतात, बोलताना आपण सूज म्हणतो. इन्फेक्शन म्हणजे बाहेरून जंतू आले. दाह म्हणजे शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणा कामाला लागली. जंतू आले तरी ती लागते, पण जंतू नसतानाही लागू शकते, आणि कोरड्या डोळ्यात तेच होतं. म्हणून तुम्हाला अँटिबायोटिक ड्रॉपने काही फरक पडणार नव्हता, आणि हे घरात कुणाला लागणारही नाही, टॉवेल वेगळा करायची गरज नाही. २०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची जी साथ आली होती ती इन्फेक्शन होती. हे ते नाही.

मग ही यंत्रणा कशाने खवळते? आमटी गॅसवर जास्त वेळ राहिली की आटते आणि खारट लागते, मीठ कुणी वाढवलेलं नसतं, पाणी उडालेलं असतं. अश्रूंचं अगदी तेच होतं. पाणी उडालं की उरलेले अश्रू जास्त खारट होतात. अश्रूंचा खारटपणा आम्ही मिलिऑस्मोल या मापात मोजतो, तो नीट असेल तर लिटरमागे ३०० च्या आसपास असतो, ३०८ च्या वर गेला की आम्ही ड्राय आयचा संशय घेतो. या खारटपणाचा बुबुळावरच्या पेशींना ताण बसतो, आणि ताण बसलेली पेशी गप्प बसत नाही, ती रसायनं सोडते, इंटरल्युकिन-१, टीएनएफ-अल्फा अशी त्यांची नावं, लक्षात ठेवायची गरज नाही, ती म्हणजे मदतीची हाक आहे एवढं समजा. त्या हाकेला टी-पेशी येतात, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. आल्या की त्या स्वतः आणखी रसायनं सोडतात. त्यातलं एक, इंटरफेरॉन गॅमा, म्युकस बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी मारतं. दुसरं एक एन्झाइम, एमएमपी-९ नावाचं, बुबुळाच्या वरच्या पेशी एकमेकींना जिथे घट्ट चिकटलेल्या असतात ते सांधे कुरतडतं. अश्रुग्रंथीतही हाच दाह पोचतो आणि ती कमी पाणी करते.

म्हणजे बघा, सुरुवात कोरडेपणाने झाली, त्यातून दाह आला, दाहाने म्युकस घटला, पाणी घटलं, पृष्ठभाग खडबडीत झाला, म्हणून अश्रू अजून टिकेनात, म्हणून अजून खारट, म्हणून अजून दाह. असं दुष्टचक्र एकदा फिरायला लागलं की मूळ कारण काढून घेतलं तरी ते स्वतःच्या गतीने फिरत राहतं, म्हणून तुम्हाला आता रविवारीही त्रास आहे. लुब्रिकंट ड्रॉप टाकला की खारटपणा थोडा वेळ कमी होतो, पण तो ड्रॉप वाहून गेला की टी-पेशी तिथेच आहेत ना.

आधी कोंबडी की आधी अंडं असं इथे बरीच वर्षं चाललं होतं, दाह हे कारण आहे का नुसता परिणाम. मला स्वतःला पटलं ते उंदरांवरच्या एका प्रयोगाने, २००६ मध्ये छापून आला होता. काही उंदरांना कोरड्या हवेत, वाऱ्याच्या झोतात ठेवून त्यांचे डोळे कोरडे केले. मग त्यांच्या शरीरातल्या टी-पेशी काढून अशा दुसऱ्या उंदरांना दिल्या ज्यांच्यात स्वतःच्या टी-पेशी नव्हत्या. या दुसऱ्या उंदरांना ना वारा लागला होता ना कोरडी हवा, तरी त्यांच्या डोळ्यात आणि अश्रुग्रंथीत दाह झाला, अश्रू घटले. म्हणजे आजार त्या पेशींबरोबर गेला. त्याच्याही आधी, अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात रेने कॅस्वान नावाच्या प्राण्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टर होत्या, त्यांनी कुत्र्यांच्या कोरड्या डोळ्यांवर सायक्लोस्पोरिन वापरून बघितलं आणि अश्रू वाढले. हे औषध तोपर्यंत किडनी बदललेल्या पेशंटसाठी माहीत होतं, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टी-पेशींना आवर घालायला. माणसांच्या डोळ्यांसाठी ०.०५ टक्क्यांचा ड्रॉप अमेरिकेत डिसेंबर २००२ मध्ये मंजूर झाला. तेव्हा तुमच्या हातात आहे तो काही प्रयोग नाही. २०१७ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून ड्राय आयची जी व्याख्या नव्याने लिहिली त्यातही अश्रूंची अस्थिरता, खारटपणा, पृष्ठभागाचा दाह आणि इजा, आणि नसांमधला बिघाड असं सगळं एका वाक्यात आहे.

आता तुमच्या डॉक्टरांना दाह आहे हे कळलं कसं, तुम्ही म्हणता डोळे तर लाल नव्हते. ड्राय आयमध्ये लाली नसतेही पुष्कळदा. आम्ही काय करतो, फ्लोरेसिन नावाच्या रंगाची केशरी पट्टी ओली करून खालच्या पापणीच्या आत टेकवतो, निळा दिवा लावतो, अश्रू हिरवे चमकतात. मग सांगतो पापणी एकदा मिटा आणि उघडी धरा. मी मनात मोजत असतो, एक, दोन, तीन. चांगल्या डोळ्यात दहापर्यंत तो हिरवा थर अखंड राहतो. तुमच्यासारख्या डोळ्यात तीन-चारलाच त्यात काळे ठिपके उमटायला लागतात, तवा तापल्यावर पाणी शिंपडलं की जसं मध्येच सुकत जातं तसं, आणि प्रत्येक काळा ठिपका म्हणजे तिथलं बुबुळ उघडं पडलं. त्यानंतर बुबुळावर बारीक हिरवे टिंब टिंब राहिले असतील तर तिथल्या पेशी जखमी आहेत. मग मी खालच्या पापणीच्या कडेला इअरबडने हलकं दाबतो. ग्रंथींच्या तोंडातून तेल यायला पाहिजे स्वच्छ, उन्हाळ्यातल्या खोबरेल तेलासारखं. बऱ्याच जणांचं येतं ते जानेवारीतल्या बाटलीतलं थिजलेलं खोबरेल, आणि काहींचं टूथपेस्टसारखं, दाबल्यावर वळवळत बाहेर येतं. त्या कडेवर बारीक लाल रक्तवाहिन्या पसरलेल्या दिसल्या की तिथे दाह जुना आहे हे नक्की. एमएमपी-९ मोजायची पट्टीही निघालेली आहे, पण माझ्या मते या साध्या तपासण्या नीट, घाई न करता केल्या तर दहापैकी आठ-नऊ वेळा निर्णय घेता येतो.

इथे एक मला मनापासून सांगायचंय, ड्राय आयच्या प्रत्येकाला दाहाचं औषध लागत नाही. ज्या पोराला फक्त ऑफिसच्या दिवशी संध्याकाळी चुरचुरतं आणि बुबुळावर एकही टिंब नाही त्याला मी सायक्लोस्पोरिन देत नाही, त्याला एसीचा झोत बदल, स्क्रीन डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली घे, पापण्या पूर्ण मिट, एवढं पुरतं. तुमचं तसं नाही. दीड वर्ष, तीन ड्रॉप फेल, सुट्टीतही त्रास, सकाळी उठल्यावर पापण्या जड. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर दिलंय.

सायक्लोस्पोरिनची आग. पहिले काही आठवडे बऱ्याच जणांना होते, कारण डोळ्याचा पृष्ठभाग आधीच सोलवटलेला असतो, सोलवटलेल्या हाताला लिंबू लागल्यावर होतं तसं. त्यासाठीच तर सोबत तीन आठवडे स्टेरॉइड दिलं होतं, की ते पटकन दाह खाली आणेल, आग सुसह्य होईल, आणि तोवर सायक्लोस्पोरिन आपलं काम सुरू करेल. ते हळू आहे, ते नवीन टी-पेशी खवळू देत नाही पण आधीच ठाण मांडून बसलेल्या एका दिवसात जात नाहीत. सहा आठवडे ते तीन महिने फरक जाणवायला लागतात, आणि नवव्या दिवशी बंद केलं तर फक्त आग वाट्याला येते, फायदा नाही. डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा. टाकायच्या पंधरा मिनिटं आधी लुब्रिकंट टाका, बाटली फ्रीजच्या दारात ठेवून थंड ड्रॉप टाकला तर झोंबणं कमी वाटतं, पण आधी बाटलीवर गोठवू नका किंवा अमुक तापमानात ठेवा असं काय लिहिलंय ते वाचा. तरीही नाहीच सहन झालं तर दुसरे पर्याय आहेत, टॅक्रोलिमस आहे, लिफिटेग्रास्ट आहे, सांगायचं मात्र डॉक्टरांना, आपलं आपण बंद करून बसायचं नाही.

आता स्टेरॉइड. बरं वाटतं हे खरंच आहे, दाह कमी करायला त्याच्याइतकं झटपट काही नाही, मी स्वतः रोज लिहून देतो. पण काही लोकांमध्ये स्टेरॉइडने डोळ्याचं प्रेशर वाढतं, आणि प्रेशर वाढलं तर दुखत नाही, लाल होत नाही, दिसायला कमी होत नाही, कळायचा काही मार्गच नाही मोजल्याशिवाय. ते २१ च्या आत असायला हवं. वाढलेलं प्रेशर महिनोन् महिने राहिलं की डोळ्याची नस वाळत जाते, यालाच काचबिंदू म्हणतात, आणि वाळलेली नस जगात कुणी परत आणू शकत नाही. मोतीबिंदूही लवकर येतो पण त्याचं ऑपरेशन तरी आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक रिक्षाचालक आले होते, घोडबंदर रोडवर दिवसभर धूळ, मेट्रोचं काम चालू, डोळे चुरचुरायचे, कुणाच्या तरी उरलेल्या बाटलीतला अँटिबायोटिक-स्टेरॉइड मिक्स ड्रॉप टाकला आणि इतकं बरं वाटलं की दीड वर्ष तोच मागून घेत राहिले, दरवेळी नाव सांगायचं की मिळायचा. माझ्याकडे आले ते चष्म्याचा नंबर काढायला. प्रेशर ३८. उजव्या डोळ्याची कडेची नजर गेलेली होती, त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, म्हणत होते हल्ली डावी-उजवीकडून बाइकवाले अचानक समोर येतात. ड्रॉप बंद केला, प्रेशर उतरलं, गेलेली नजर गेली. म्हणून मी तुम्हाला सुरुवातीलाच फोन करायला सांगितलं. सात आठवड्यांत तुमचं काही झालं असेल असं मी म्हणत नाही, बहुतेकांचं होत नाही, पण मोजल्याशिवाय मी ते ठामपणे बोलू शकत नाही.

तुमच्या तीन जुन्या ड्रॉपपैकी एक "लाली घालवणारा" होता असं नावावरून दिसतंय, तो टाकून द्या. तो रक्तवाहिन्या आवळतो, उतरला की लाली दुप्पट, दाहाला हातही लावत नाही. लुब्रिकंट दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर प्रिझर्वेटिव्ह नसलेला घ्या, कारण नेहमीच्या बऱ्याच बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्वेटिव्ह असतं, ते साबणासारखं तेलाचा थर फोडतं आणि स्वतःच दाह वाढवतं, म्हणजे ड्रॉपच कारण होऊन बसतो. गुलाबपाणी, मध, एरंडेल यातलं काहीही डोळ्यात घालू नका, घरचं आहे म्हणून निर्जंतुक नसतं. मासे, जवस खायचं तर जरूर खा, पण ओमेगा-३ च्या महागड्या कॅप्सूल कुणी डोळ्यांसाठी देत असेल तर २०१८ मध्ये पाचशेहून जास्त पेशंटवर वर्षभराचा अभ्यास झाला होता, रोज ३००० मिलिग्राम विरुद्ध ऑलिव्ह ऑइल, त्रासात फरक निघाला नाही. मी आता लिहून देत नाही.

त्या पैशांपेक्षा शेक द्या. थिजलेलं खोबरेल आपण उन्हात ठेवतो ना, तेच. सुती रुमाल सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळून बंद पापण्यांवर, पण रुमाल मिनिटभरात गार होतो म्हणून पुन्हा पुन्हा गरम करून एकूण आठ-दहा मिनिटं. मग लगेच, तेल पुन्हा थिजायच्या आत, बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, पापण्यांच्या केसांकडे हलकं पिळल्यासारखं. बुबुळावर दाब देऊ नका. रोज संध्याकाळी, आणि निदान दोन महिने, आठवड्याने सोडून देऊन काही नाही असं म्हणू नका. आणि काजळ, ताई. पापणीच्या आतल्या ओल्या कडेला काजळ ओढलं की ते बरोबर त्या ग्रंथींच्या तोंडावर बसतं. लावायचंच असेल तर केसांच्या बाहेरून लावा.

चाळीस-पन्नाशीच्या बायकांमध्ये हा आजार जास्त दिसतो, पाळी जायच्या सुमाराला हार्मोन बदलतात त्याचा ग्रंथींवर परिणाम होतो, त्यामुळे तुमचं वय बघून कुणी तिथेच थांबेल. पण तुम्ही पत्राच्या शेवटी सहज दोन गोष्टी लिहिल्यात, की सकाळी उठल्यावर बोटं तासभर आखडलेली असतात "पण ते वयामुळे असेल", आणि डब्यातली पोळी हल्ली घोटभर पाण्याशिवाय घशाखाली उतरत नाही म्हणून बाटली कायम हाताशी असते. माझं लक्ष बाकी सगळ्यापेक्षा तिथे अडकलं. डोळा कोरडा, तोंड कोरडं आणि सांधे आखडलेले हे तिन्ही एकत्र असलं की दाह फक्त डोळ्यापुरता नसू शकतो. श्योग्रेन नावाचा आजार आहे, हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश डोळ्यांच्याच डॉक्टरांनी १९३३ मध्ये अशा १९ बायकांचं वर्णन केलं होतं, त्यात शरीराची संरक्षण यंत्रणा अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवरच उलटते. संधिवातातही डोळे असेच कोरडे होतात. तुम्हाला तेच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण प्रेशर मोजायला जाल तेव्हा या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना स्वतःहून सांगा, डोळ्याच्या डॉक्टरांना बोटांचं कशाला सांगायचं असं वाटू देऊ नका. ते शर्मर टेस्ट करतील, पापणीत कागदाची पट्टी लावून पाच मिनिटांत किती मिलिमीटर भिजते ते बघतात, पाचच्या आत आली तर पाणीच कमी बनतंय. रक्तात एएनए आणि अँटी-रो, म्हणजे संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटलीय का ते दाखवणाऱ्या दोन तपासण्या, करायला सांगतील, आणि गरज वाटली तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे पाठवतील. जाताना दातही एकदा दाखवून घ्या, लाळ कमी असली की हिरड्यांच्या कडेने कीड लवकर लागते.